मावळा रडला तर चालेल

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून) :

मी माण तालुक्यातला, एसटीतून निवृत्त झालो, सध्या साताऱ्यात मुलाकडे असतो. नातू साडेपाच वर्षांचा आहे, मोठ्या गटात जातो. दिवाळीत आम्ही दोघांनी मिळून किल्ला केला. दगड रचले, वर चिखलात बुडवलेली पोती टाकली, हळीव पेरला. वसुबारसेच्या रात्री मांजर वरून गेलं आणि मोठा बुरूज ढासळला. सकाळी पोराने ते बघितलं, रडला आणि उरलेला किल्ला लाथांनी तुडवला. मी म्हणालो, “मावळा असा रडतो का?” तो गप्प झाला. मला वाटलं, पोराला समजलं. पण तेव्हापासून लागलं, हरलं, कुणी बोललं की तो बाथरूममध्ये जातो आणि दार लावून घेतो. एकदा सूनबाईंनी दार उघडलं तर आत रडत होता. शाळेच्या डायरीत बाईंनी लिहिलंय, चित्र चुकलं की कागद फाडतो, “मला येतच नाही” म्हणतो. पालकसभेत त्यांनी मुलांमध्ये रेझिलियन्स, म्हणजे मनाची ताकद, वाढवा असं सांगितलं. आम्ही बहात्तरच्या दुष्काळात मिलो (रेशनवरची लाल ज्वारी) खाऊन वाढलो, आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी त्याला शिवाजी महाराजांच्या गोष्टी सांगतो, संध्याकाळी मनाचे श्लोक म्हणून घेतो. परवा त्याने विचारलं, “आबा, महाराज कधी रडायचे का?” मला उत्तर देता आलं नाही. एवढ्याशा पोराला मनाची ताकद म्हणजे काय हे समजावायचं कसं? आणि पुढच्या महिन्यात शाळेत चित्रकला स्पर्धा आहे. त्याचं नाव द्यावं का?

आबा, नमस्कार.

तुमच्या पत्रातला सगळ्यात नेमका प्रश्न नातवाने विचारलाय, म्हणून आधी त्याचं उत्तर. फेब्रुवारी 1670 मध्ये कोंढाणा परत मिळाला आणि तानाजी मालुसरे पडले, तेव्हा महाराज फार कष्टी झाले, असं सभासदाच्या बखरीत आहे. गड हातात आलेला, तरी कष्टी. नातवाला सांगायचं तर, “हो, महाराजांनाही फार वाईट वाटायचं. त्यांचा आवडता माणूस गेला तेव्हा तर खूपच वाटलं.” एवढंच सांगा आणि थांबा. पुढे ‘पण’ लावू नका. “पण मग ते लगेच कामाला लागले” असं जोडलंत की पोराच्या लक्षात तेवढंच राहील.

त्याने हा प्रश्न इतिहासासाठी विचारलेला नाही. बाथरूमच्या बाहेर रडलो तर मला मावळ्यांत ठेवतील का, हे त्याला तुमच्याकडून ऐकायचंय.

तुमच्यावर दोष ठेवत नाही. आपल्याकडे घरोघरी हेच चालतं. पोर पडलं की “मुंगी मेली बघ!” म्हणायचं, जमिनीला चापट मारायची, जरा मोठं झालं की “मुलगा असून रडतोस?” दीड वर्षाच्या बाळाला मुंगी चालते, त्याचं लक्ष दुसरीकडे जातं. साडेपाच वर्षांच्या मुलाला मुंगी मेलेली नाही हे पक्कं माहीत असतं. त्या सकाळी तो एकच गोष्ट शिकला, की रडणं दिसलं नाही की आबा खूश असतात. मग त्याने रडणं दिसेनासं केलं. दार लावायची अक्कल या वयात येते. आत एकट्याने ते दुःख निस्तरायची येत नाही.

तेव्हा पहिलं काम तुमचं. त्याला जवळ घेऊन सांगा, “त्या दिवशी मी बोललो ते चुकलं. बुरूज पडला की मावळ्यालाही रडू येतं.” आजोबा चुकलो म्हणू शकतात हे बघणं हाच त्या पोराला मोठा धडा आहे. आणि हो, बाथरूमची आतली कडी त्याच्या हाताला येत असेल तर ती आजच काढा किंवा वर न्या. पोरं आत अडकतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. मनाची ताकद म्हणजे काय हे या वयात समजावून सांगता येत नाही. तुम्ही कितीही सोपं करून सांगा, तो मान डोलावेल आणि संध्याकाळी पुन्हा कागद फाडेल. या वयाचं मूल हाताला लागेल, डोळ्यांना दिसेल तेच धरतं. त्याला ही ताकद कळते ती क्रमाने घडणाऱ्या गोष्टींतून : काहीतरी मोडलं, रडू आलं, कुणीतरी जवळ बसलं, रडून झालं, मग पुन्हा हात लावला. हे वर्षभरात अनेकदा घडलं की त्याच्या अंगात मुरतं. यातला आपल्या हातात असलेला भाग मधला, जवळ बसण्याचा. बाकीचं तो करतो.

हे मी नुसतं माझ्या मनाने म्हणत नाही. हवाईतल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोघींनी पुढे कित्येक दशकं मागोवा घेतला. त्यातली बरीच मुलं गरिबीत, आजारपणात, आईबापांच्या भांडणांत किंवा घरातल्या दारूत वाढत होती. अशा सगळ्या बाजूंनी अडचणीतल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश चांगली, कर्तबगार, माया करणारी माणसं झाली. त्यांच्यात काय सारखं होतं? बऱ्याच गोष्टी होत्या, पण एक पुन्हा पुन्हा दिसली : लहानपणी त्यांना घट्ट धरून ठेवणारं किमान एक मोठं माणूस होतं. ते आईवडीलच असतील असं नव्हे. कित्येकांच्या बाबतीत आजी-आजोबा होते. त्यामुळे “आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं” हे तुमचं वाक्य मला पूर्ण पटत नाही. शिकवलं नसेल, पण जवळ कुणीतरी असणारच. त्याकडे पुढे येतेच.

रडायला लागला की नेमकं काय करायचं ते सांगते. तो बाथरूममध्ये गेला तर दार ठोठावून “काय झालं, काय झालं” करू नका. बाहेर पाट टाकून बसा आणि एकदाच सांगा, “मी इथे आहे, घाई नाही.” बाहेर आला की त्याच्या मनातलं छोट्या शब्दांत त्याला द्या : “चित्र चुकलं म्हणून वाईट वाटलं. राग पण आला.” बस्स. त्या वेळी समजावणं वाया जातं. स्वतःला आवरण्याचं काम करणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, साडेपाचव्या वर्षी तो नुकता कुठे कामाला लागलेला असतो. रडणाऱ्या मुलाला तुमचा आवाज ऐकू येतो, मुद्दा पोहोचत नाही. मुद्दा रात्री, अंथरुणात.

श्वास सावकाश सोडला की शरीर निवतं, हे खरं आहे. पण “दीर्घ श्वास घे” हे पोरांना कळत नाही. जेवताना वाफाळत्या वरणभातावर हळू फुंकर घालायची, शितं उडता कामा नयेत, असा खेळ खेळा. चार दिवस हसतखेळत झाला की एखाद्या रडक्या वेळी “भात गरम आहे रे” एवढं म्हटलं तरी तो फुंकर घालतो. रडत असताना पहिल्यांदा शिकवायला गेलात तर मात्र फुंकरीचाही राग येईल.

किल्ला तुडवला त्याचं काय? मला ते अगदी समजण्यासारखं वाटतं. मांजराने अर्धा मोडलेला किल्ला दिवसभर बघत बसण्यापेक्षा आपल्या हाताने सगळा मोडलेला बरा. निदान मोडणारे आपण असतो. कागद फाडण्यामागेही हेच आहे : चुकलेलं चित्र बाईंनी बघण्याआधी नाहीसं करायचं. म्हणून त्याला आळशी किंवा हट्टी समजू नका. फक्त एक रेघ स्पष्ट आखून द्या. राग आला तर चालतो, दुसऱ्याने मेहनत केलेली वस्तू मोडलेली चालत नाही. त्या किल्ल्यात निम्मी मेहनत तुमची होती, हे त्याला सांगायला हरकत नाही. पण शांत असताना.

आता गोष्टींकडे येऊ. महाराजांच्या गोष्टी सांगता हे उत्तमच. पण आपण सगळे पोरांना त्यातल्या जिंकलेल्याच गोष्टी सांगतो. अफजलखान, शाहिस्तेखान, पेटाऱ्यातून सुटका. पुरंदरचा तह कुणी सांगत नाही. तुम्ही तो सांगा, आणि चिंचोके घेऊन सांगा.

जमिनीवर 35 चिंचोके मांडायला लावा. हे महाराजांचे किल्ले. मग 1665 साली मिर्झाराजे जयसिंग मोठी फौज घेऊन आले, पुरंदरला वेढा पडला आणि महाराजांना तह करावा लागला. आता नातवालाच त्यातले 23 चिंचोके उचलून तुमच्या हातात द्यायला सांगा. कोंढाणा दिला, पुरंदर दिला, एकेक करत. तो मध्येच “अजून?” म्हणेल. म्हणू द्या. शेवटी त्याच्यापुढे 12 उरतात. राजगड त्यात आहे हे सांगा, पोरांना तेवढाच धीर येतो. मग विचारा, “आता महाराजांनी काय केलं असेल?” आणि खरंच थांबा. तो बहुतेक “लढाई!” म्हणेल. तुम्ही सांगा, नाही, लगेच नाही. पुढच्या वर्षी, 1666 मध्ये, आग्र्याला जावं लागलं, तिथे अडकले, सुटून परत आले. त्यानंतरही दोन-तीन वर्षं त्यांनी मुघलांशी मोठी लढाई काढली नाही. हाताशी होतं ते नीट लावलं, कारभाराची घडी बसवली. मग 1670 साली कोंढाणा. एक चिंचोका परत ठेव. मग पुरंदर. दुसरा ठेव. आणखी चार वर्षांनी, 1674 मध्ये, रायगडावर राज्याभिषेक.

मधली ती शांत वर्षं गाळू नका. पोराला वाटतं पडलं की ताबडतोब उभं राहायचं असतं, आणि ते जमलं नाही की आपण हरलो. महाराजांनाही वेळ लागला हे कळलं की त्याच्या डोक्यावरचा भार उतरतो. आणि गोष्ट झाली की चिंचोके डब्यात. “मग यातून काय शिकलास?” विचारलंत तर पुढच्या वेळी तो गोष्ट ऐकायला बसायचा नाही.

तरीही महाराज त्याच्यापासून फार लांब आहेत. तुम्ही जवळ आहात. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना घराबद्दलचे वीस प्रश्न विचारले होते : आजी-आजोबा कुठे वाढले, घरात कोणतं मोठं संकट आलं, असे. ज्या मुलांना आपल्या घराचा असा इतिहास जास्त माहीत होता, त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त दिसला. कथा सांगितल्या म्हणूनच तसं झालं असं त्यावरून सिद्ध होत नाही, पण तुमच्याकडे जे आहे ते वाया का घालवायचं?

“आम्ही मिलो खाऊन वाढलो” हे जसं तुम्ही पत्रात लिहिलंय तसं पोराला ऐकवलं तर तो टोमणा होतो. त्याच वाक्याची गोष्ट करा. लाल मिलोची भाकरी कशी लागायची? दुष्काळी कामावर खडी फोडायला घरातलं कोण जायचं, आणि संध्याकाळी त्यांचे हात कसे दिसायचे? दुष्काळात वाटलेली सुकडी पहिल्यांदा तोंडात घातली तेव्हा काय वाटलं? गुरांचं काय केलं? तुम्ही तेव्हा शाळकरी असाल. कधी भीती वाटली का, आणि वाटली तेव्हा कुणाच्या पाठीशी जाऊन बसलात? हा शेवटचा प्रश्न टाळू नका, गोष्टीचा जीव त्यात आहे. आबा घाबरले होते, आबांच्या शेजारी कुणीतरी होतं, आणि आता आबा इथे बसून गोष्ट सांगताहेत. पोराला जे समजावायचं म्हणता ते सगळं त्यात आलं. तो विचारेल, “आपल्याकडचं पाणी पण संपेल का?” तेव्हा हसण्यावारी नेऊ नका. आज घरात पाणी कुठून येतं ते टाकीजवळ नेऊन दाखवा. या वयाची मुलं ऐकलेली भीती स्वतःच्या घरात आणून ठेवतात.

“मला येतच नाही” म्हणाला की आपल्या तोंडून पटकन निघतं, “येतं रे राजा, तू हुशार आहेस.” हे टाळा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, हुशारीबद्दल शाबासकी मिळालेली मुलं पुढचं कोडं अडलं की लवकर नाउमेद झाली आणि सोपी कोडी मागू लागली. मेहनतीबद्दल शाबासकी मिळालेली जास्त वेळ टिकली. नंतर या विषयावर बरंच काम झालं आणि शाळांमधून राबवलेल्या अशा उपक्रमांचा परिणाम सुरुवातीला वाटला तेवढा मोठा निघाला नाही, हेही सांगायला हवं. पण घरात बघा, हुशार म्हणवून घेतलेल्या पोराला चुकायची चोरी होते. त्यापेक्षा सरळ चित्रात डोकवा : “सोंड कुठे बिघडली, दाखव.” चुकीबद्दल शांतपणे बोलता येतं हेच त्याला नवीन असेल.

घरात पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवा. कोऱ्या पांढऱ्या कागदाचं दडपण येतं, पाठकोऱ्यावर येत नाही. आणि त्याच्याशेजारी बसून तुम्हीही काढा, मुद्दाम नको, तुम्हाला जमेल तेवढंच. एसटी सोडून दुसरं काहीतरी काढा म्हणजे आपोआप बिघडेल. मग मोठ्याने बोला : “हात्तिच्या, बैलाचं गाढव झालं की! थांब, शिंगं लावून बघू.” उपदेशापेक्षा हे कितीतरी जास्त उपयोगी पडतं. मुलं आपण चुकल्यावर काय करतो ते टक लावून बघत असतात. मोबाइलवरून पैसे गेले नाहीत की आपण काय बोलतो, भारत सामना हरला की टीव्हीवर कसे खेकसतो, सगळं नोंदवलं जातं.

सापशिडीही खेळा. तिथे सगळा फाशांचा खेळ, हुशारीला वावच नाही, म्हणून हरायची सवय करायला बरी. त्याला दर वेळी जिंकू देऊ नका, आणि तुम्हाला अठ्ठ्याण्णववरच्या सापाने गिळलं की तोंड वाईट करून “अरेरे, वाईट झालं!” म्हणा, मग फासे त्याच्याकडे सरकवा.

सकाळी व्हॅनच्या गडबडीत शर्टाची बटणं तुम्ही किंवा आजी लावत असाल. शाळेच्या दिवशी लावा. रविवारी मात्र त्याची त्याला लावू द्या, वरखाली झाली तरी तसाच फिरू दे.

मनाच्या श्लोकांचं विचाराल, तर जरूर म्हणा. सज्जनगडाच्या इतक्या जवळ राहून समर्थांचे श्लोक पोराच्या कानावर पडू नयेत असं कोण म्हणेल? 205 श्लोकांतले पाच-दहा पाठ झाले तरी पुष्कळ. लय चांगली आहे, तुमच्यासोबत बसणं होतं, जीभ वळते. अर्थ त्याचा तो मोठेपणी लावेल. फक्त रडत असताना “चल, श्लोक म्हण” असं करू नका. एकदा का ती शिक्षा वाटली की दोन्ही गेलं, श्लोकही आणि धीरही.

एक गोष्ट मात्र तपासून बघा, कारण पत्रात तिचा उल्लेख नाही. शाळेत किंवा व्हॅनमध्ये कुणी त्याला चिडवतंय, मारतंय का? तसं असेल तर त्याला खंबीर करायला जाऊ नका. तिथे मोठ्यांनी जाऊन ते थांबवायचं असतं. साडेपाच वर्षांच्या मुलाकडून सोसण्याची अपेक्षा ठेवायची नसते. तसंच पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. झोप उडाली, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, रोज सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखायला लागलं, आवडते खेळ सुटले, तर आधी तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा, पुढे कुणाकडे जायचं ते सांगतील. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, 14416 या क्रमांकावर, मोठ्यांनाही फोन करून विचारता येतं, पैसे पडत नाहीत.

सूनबाईंनी दार उघडून बघितलं आणि गाजावाजा न करता तुम्हाला सांगितलं, हे मला फार आवडलं. हे उत्तर त्यांनाही वाचायला द्या, म्हणजे रडलेलं चालतं की नाही याबद्दल पोराला घरात दोन वेगवेगळी उत्तरं मिळणार नाहीत. त्याच्या वडिलांनाही. रात्री आठला घरी येऊन “काय रे, आज रडलास म्हणे?” असं विचारलं की दिवसभराची मेहनत पाण्यात.

राहिली स्पर्धा. ती त्याची आहे, तेव्हा विचारा त्यालाच, आणि विचारताना बक्षिसाचा विषय काढू नका. जायचं म्हणाला तर आधी दोन-तीनदा घरी तेवढाच वेळ लावून चित्र काढायला बसवा, म्हणजे वेळ संपली तेव्हा अर्धं राहिलेलं चित्र हातात द्यावं लागतं हे त्याला आधीच ठाऊक असेल. नको म्हणाला तर यंदा नको. मोठ्या गटातल्या स्पर्धेने कुणाचं काही अडत नाही. बाईंना डायरीत “या वेळी भाग घेणार नाही” एवढं लिहून कळवा, आणि चित्र बिघडलं की कागद लगेच काढून न घेता त्याला उलट बाजू वापरू द्या, ही विनंती त्याखालीच लिहा.